स्केल मॉडेल गाड्या आणि ट्रक: जोडणी, रंग आणि फेरबदल याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रणगाड्याच्या मॉडेलवरचा मॅट रंग लहानसहान चुका पोटात घालतो. मोटारीचा चकचकीत रंग काहीच लपवत नाही. उलट खालचा ओरखडा मोठा करून दाखवतो. खालच्या बहुतेक उत्तरांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल: बिघाड दिसतो शेवटच्या पायरीवर, पण तो झालेला असतो दोन पायऱ्या आधी.

१:२४ आणि १:२५ यांत फरक तो केवढा? एकाचे भाग दुसऱ्यात चालतात का?

साडेचार मीटरची गाडी १:२४ मध्ये १८७.५ मिमी होते, १:२५ मध्ये १८० मिमी. इंजिन, सीट, स्टिअरिंग, बॅटरी असले भाग इकडचे तिकडे केले तरी डोळ्याला कळत नाही. बॉडी आणि चॅसीची अदलाबदल मात्र मोजल्याशिवाय करू नका. खऱ्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) २,७०० मिमी असेल तर तो एकीत ११२.५ आणि दुसरीत १०८ मिमी भरतो, आणि साडेचार मिमीच्या फरकाने चाक मडगार्डच्या कमानीत एका बाजूला सरकलेले दिसते.

१:२५ हे अमेरिकेत रुजलेले प्रमाण. तिथे शोरूमसाठी बनणाऱ्या प्रमोशनल मॉडेलांमधून किट निघाल्या, आणि १९५८ मध्ये एएमटी या अमेरिकन कंपनीने एकाच खोक्यातून तीन तऱ्हेने बांधता येणारी किट आणली: जशी कारखान्यातून येते तशी, कस्टम, किंवा शर्यतीची. तेव्हा फेरबदल हा या छंदाला मागाहून चिकटलेला भाग नव्हे, तो सुरुवातीपासूनचा आहे. तामिया, हासेगावा, फुजिमी, आओशिमा या जपानी कंपन्या गाड्यांसाठी मुख्यतः १:२४ वापरतात. ट्रकमध्ये इतालेरी १:२४ चे, तर एएमटीचे जुने ट्रॅक्टर (ट्रेलर ओढणारे ट्रक) १:२५ चे.

पहिली किट कोणती घ्यावी?

इंजिन नसलेली, शंभराच्या आत भाग असलेली, पांढऱ्या प्लास्टिकची बॉडी असलेली साधी गाडी. ट्रकने सुरुवात करू नका. ट्रकमध्ये सहज दोनशेच्या वर भाग असतात, आणि चॅसी किंचित वाकडी झाली तर दहा चाकांपैकी दोन हवेत राहतात.

किमान कोणती हत्यारे लागतात?

प्लास्टिक कापायची सपाट तोंडाची निप्पर, टोकदार पात्याचा हॉबी नाइफ आणि भरपूर जादा पाती, बारीक कानशींचा संच, ४०० पासून २००० पर्यंतचे वॉटर पेपर, दोन चिमटे (एक सरळ, एक वाकडा), मास्किंग टेप, आणि ०.३ ते १ मिमीच्या बिटांसाठी हाताने फिरवायचे ड्रिल. व्हर्निअर कॅलिपर पहिल्या दिवसापासून घ्या. फेरबदल करायचे असतील तर त्याच्यावाचून चालणार नाही. एअरब्रश नंतर घेतला तरी चालेल. बॉडीसाठी स्प्रे कॅनने उत्तम काम होते.

भाग कापताना निप्पर आधी भागापासून २-३ मिमी दूर लावा, मग उरलेला ठोंब जवळून कापा, आणि शेवटचा अर्धा मिलिमीटर पाते किंवा कानशीने काढा. एकाच झटक्यात अगदी लगत कापले की प्लास्टिक ओढले जाऊन पांढरा डाग पडतो किंवा खड्डा होतो.

रंगाआधी बॉडीवर काय काय करायचे?

साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर आधी घालवा: कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ टूथब्रश. मग बॉडी दिव्याखाली तिरपी धरून फिरवा. साच्याचे दोन तुकडे जिथे मिळतात तिथली बारीक उंच रेघ बहुधा मडगार्डच्या माथ्यावरून आणि छताच्या कडेने जाते. ती ६०० च्या पेपरने घासून सपाट करा. प्लास्टिक जिथे जाड असते तिथे ते थंड होताना आत बसते आणि उथळ खळगा राहतो. तो पुट्टीने भरा.

पुट्टीचा थर पातळ हवा. एक मिमीचा खड्डा एकाच थराने भरला तर वरचे कवच आधी वाळते, आतले थिनर हळूहळू उडते, आणि रंग दिल्यावर दोन आठवड्यांनी तिथे पुन्हा खोलगट दिसू लागते. खोल जागी दोन भाग मिसळून लावायची इपॉक्सी पुट्टी वापरा. सुपरग्लूवर खाण्याचा सोडा भुरभुरवूनही खड्डा भरता येतो, पण तो अर्ध्या तासात घासायला हवा. दुसऱ्या दिवशी तो भोवतालच्या प्लास्टिकपेक्षा इतका कडक होतो की पेपर प्लास्टिकच खातो आणि भराव उंच राहतो.

दारे, बोनेट, डिकी यांच्या फटी याच वेळी खोल करून घ्या. प्रायमर (रंगाखालचा थर), रंग आणि क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) मिळून त्या भरून जातात आणि दार रेखाटल्यासारखे दिसते. स्क्रायबर किंवा पात्याची मागची बाजू घ्या, हात हलका ठेवा आणि त्याच रेषेतून चार-पाच वेळा जा. जोर लावला की हत्यार रेषा सोडून पळते.

शेवटी सुकी जुळवणी: गोंद न लावता बॉडी, चॅसी, आतला टब (सीट बसतात तो भाग), काचा, चाके टेपने एकत्र लावून पाहा. टब बॉडीत जात नसेल तर ते आत्ता कळू द्या. चकचकीत बॉडी दाबून बसवायची वेळ आली तर मडगार्ड तडकते.

गोंद कोणता आणि कुठे?

पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे किटच्या प्लास्टिकच्या, दोन उघड्या भागांना पातळ सिमेंट नावाचा गोंद. भाग आधी जुळवून धरा आणि ब्रशचे टोक फटीला टेकवा. द्रव आपोआप आत शिरतो, प्लास्टिक विरघळवतो आणि दोन्ही भाग एकजीव होतात. रंग दिलेल्या जागी हे होत नाही, म्हणून सांध्यावरचा रंग खरवडून काढा. रेझिन, धातू, फोटो-एच (रसायनाने कोरलेले पातळ धातूचे भाग) यांना सिमेंट चिकटवत नाही. तिथे सुपरग्लू किंवा इपॉक्सी.

काचांजवळ सुपरग्लू नेऊच नका. त्याची वाफ बंद जागेत साठते आणि काचेच्या आत पांढरट धुके धरते. काचेसाठी पारदर्शक वाळणारा पांढरा पाण्याचा गोंद पुरतो, आणि चुकला तर ओल्या काडीने पुसता येतो.

कोणत्या रंगावर कोणता रंग चालतो?

लॅकरवर इनॅमल चालते, इनॅमलवर लॅकर चालत नाही. लॅकरचे थिनर जहाल असते. ते खालच्या इनॅमलला फुगवते आणि पृष्ठभागावर वाळक्या चिखलासारख्या भेगा पडतात. पूर्ण वाळलेल्या लॅकरवर पाण्याचे ॲक्रिलिकही चालते. आमची शिफारस अशी: बॉडीला खालपासून वरपर्यंत लॅकर, आतल्या बारीक कामाला ॲक्रिलिक, फटींतल्या वॉशला (फटींत सोडायच्या पातळ गडद रंगाला) इनॅमल. वॉश चुकला तर व्हाइट स्पिरिटने पुसला जातो आणि खालचे लॅकर जागचे हलत नाही.

तामियाच्या स्प्रेंपैकी टीएस मालिका पॉलिस्टायरीनसाठी आहे. पीएस मालिका रिमोट कंट्रोल गाड्यांच्या लवचीक पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहे, ती किटवर मारू नका.

आरशासारखी बॉडी नेमकी कशी मिळते?

बॉडी आतून बाटलीला किंवा वाकवलेल्या तारेला टेपने घट्ट बसवा, म्हणजे हात न लावता चहूकडून फिरवता येईल. सगळीकडे १००० चा पेपर हलका फिरवून धुवा, वाळवा.

कॅन साधारण ४० अंशाच्या कोमट पाण्यात पाच मिनिटे ठेवा. दाब वाढतो आणि थेंब बारीक पडतात. उकळते पाणी किंवा आच कधीही नको, कॅन फुटतो. मग मिनिटभर हलवा आणि पहिला फवारा टाकाऊ तुकड्यावर मारा.

प्रायमरचे दोन पातळ हात द्या. पिवळ्या आणि लाल रंगाखाली पांढरा किंवा गुलाबी प्रायमर, बाकीच्यांखाली राखाडी. प्रायमर वाळला की आधी न दिसलेले सगळे ओरखडे वर येतात. ते भरा, १००० ने घासा, त्या जागी पुन्हा प्रायमर मारा. या टप्प्यावर कंटाळा केला तर पुढचा एकही थर तो भरून काढत नाही.

रंग देताना अंतर १५ ते २० सेमी. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करा, बॉडीवरून सरळ न्या, पलीकडे जाऊन बोट सोडा. सुरू करताना आणि थांबताना नोझल थुंकते, ते थेंब हवेत जाऊ द्या. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसेल इतका. दहा-पंधरा मिनिटांनी दोन मध्यम हात. शेवटचा ओला हात इतकाच की रंग क्षणभर पाण्यासारखा चमकेल आणि ओघळणार नाही. कडा, फटी, मडगार्डच्या आतल्या बाजू आधी घ्या. मोठे सपाट भाग शेवटी.

वाळले की नाही हे नाकाला विचारा. बॉडी खोक्यात तासभर झाकून ठेवा आणि उघडून वास घ्या. थिनरचा वास येत असेल तर रंग अजून आतून मऊ आहे, मग वरून बोटाला कितीही कडक लागो. लॅकरला किमान एक दिवस द्या, शक्यतो तीन, इनॅमलला आठवडा.

त्यानंतर क्लिअर, पुन्हा पातळ-मध्यम-ओला याच क्रमाने. तो आठवडाभर वाळला की २००० किंवा ३००० च्या पेपरने पाण्यात, साबणाचा थेंब टाकून घासा. उंच कडांवर आधी बारीक टेप लावा. तिथे थर पातळ असतो आणि पेपर दोन फेऱ्यांत प्रायमरपर्यंत पोहोचतो. पृष्ठभाग सारखा दुधी झाला, एकही चकाकता ठिपका उरला नाही, की थांबा. मग जाड, बारीक आणि फिनिश अशी तीन कंपाउंड, प्रत्येकाला वेगळे कापड. मेटॅलिक रंगाचा थर थेट घासू नका. चंदेरी कण सोलले जाऊन ठिगळे दिसतात. घासायचे ते त्यावरचे क्लिअर.

रंग बिघडला. कारण कसे ओळखायचे?

संत्र्याच्या सालीसारखा पृष्ठभाग म्हणजे रंग बॉडीवर पोहोचेपर्यंत अर्धा वाळला: अंतर जास्त, कॅन थंड किंवा थर फार कोरडा. क्लिअर असेल तर घासून पॉलिश केले की निघते. पांढरट धुरकटपणा म्हणजे दमट हवा. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. कोरड्या दिवशी वर एक ओला हात मारला की बहुधा निघून जातो. गोल उघडे खळगे पडले तर खाली तेल, सिलिकॉन किंवा बोटाचा ठसा आहे. तिथे धुणे कमी पडले.

लाल प्लास्टिकवर पांढरा रंग दिला आणि तो दोन दिवसांनी गुलाबी झाला, तर प्लास्टिकमधला रंग थिनरने वर ओढला आहे. कितीही पांढरे हात द्या, तो येतच राहतो. आधी चंदेरीचा एक पूर्ण थर आणि त्यावर प्रायमर द्या.

ओघळ आला तर लगेच पुसू नका. तीन दिवस थांबा, ८०० चा पेपर कडक ठोकळ्याला लावून फक्त ओघळ घासा आणि त्या बाजूला पुन्हा हात द्या. सगळेच बिघडले असेल तर बॉडी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये रात्रभर बुडवा. बहुतेक ॲक्रिलिक आणि बरेच लॅकर ब्रशने सुटते. ॲसिटोन वापरलेत तर रंगाबरोबर बॉडीही जाईल.

किटमधले क्रोम खेळण्यासारखे दिसते. काय करावे?

ते काढून टाका. कपडे पांढरे करायच्या साध्या ब्लीचमध्ये भाग बुडवले की क्रोम काही मिनिटांपासून काही तासांत निघते. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेले काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. सांधेरेषा घासा, चकचकीत काळा रंग द्या, तो पूर्ण वाळू द्या आणि वर अल्क्लाडसारखा क्रोमचा रंग एअरब्रशने कमी दाबावर, अगदी पातळ मारा. क्रोम किती चमकेल हे काळा थर ठरवतो. तो खरखरीत असेल तर वर ॲल्युमिनियम दिसते, क्रोम दिसत नाही.

खिडक्यांच्या पट्ट्या आणि बॉडीवरचे नक्षीकाम यांसाठी चिकट पाठीचे धातूचे फॉइल वापरतात. बेअर-मेटल फॉइल हे नाव सर्रास घेतले जाते. पट्टीपेक्षा सगळीकडून ३-४ मिमी मोठा तुकडा कापून उचला, जागेवर ठेवा, मधोमध बोटाने टेकवा. कापसाच्या काडीने मधून टोकांकडे चोळा, मग टोकदार लाकडी काडीने पट्टीची कड उठून येईपर्यंत दाबा. आता कोरे करकरीत पाते घ्या आणि कडेच्या अगदी तळातून एकाच ओढीत, पात्याच्या वजनानेच, कापा. पाते जरा जरी बोथट असेल तर फॉइल कापले न जाता दातरे होऊन फाटते. एका गाडीला तीन-चार पाती खर्ची पडली तर हळहळू नका. खाली उरलेला चिकटपणा कापसाला जरा व्हाइट स्पिरिट लावून पुसा.

डिकाल पांढरट का दिसतात?

डिकाल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ चित्रे. खालचा पृष्ठभाग मॅट असला की त्याच्या खळग्यांत हवा अडकते आणि फिल्म चंदेरी दिसते. म्हणून डिकाल नेहमी चकचकीत थरावर लावा. पाण्यात २०-३० सेकंद बुडवा, बाहेर काढून कागदावर मिनिटभर ठेवा, आणि स्वतःहून सरकायला लागले की जागेवर सरकवा. वक्र जागेसाठी डिकाल मऊ करून बसवणारे द्रव घ्या: आधी मायक्रो सेट, वरून मायक्रो सोल. सोल लावल्यावर डिकाल सुरकुतते आणि जीव खाली-वर होतो. हात लावू नका, वाळताना ते स्वतःच ताणून बसते. त्यावर लॅकर क्लिअरचे पहिले दोन हात धुक्यासारखेच द्या. थेट ओला हात दिला तर डिकाल आक्रसते.

टायरने प्लास्टिकचे रिम वितळवले, हे खरे आहे का?

खरे आहे. अनेक किटमधले मऊ टायर व्हिनाइलचे असतात. त्यांना मऊ ठेवणारे प्लास्टिसायझर हळूहळू बाहेर झिरपते आणि टेकलेल्या पॉलिस्टायरीनला खाते. न बांधलेल्या किटमध्ये टायर काचांच्या पिशवीत असतील तर आजच वेगळे काढून ठेवा. काचेवर पडलेला खाचा भरून निघत नाही. बांधताना रिमच्या बाहेरच्या घेराला रंगाचा थर द्या किंवा फॉइलची पट्टी गुंडाळा.

टायरची चमक घालवायला टेकणारा भाग ४०० च्या पेपरवर गोल फिरवा. मधली सांधेरेषा जाते आणि रबर वापरल्यासारखे राखाडी दिसते. पाच मिनिटांचे काम, पण फरक मोठा पडतो.

इंजिनाला तारा कशा लावायच्या?

खरी इग्निशन केबल साधारण ८ मिमी जाड असते, म्हणजे १:२४ मध्ये ०.३३ मिमी. ०.३५ ते ०.४ मिमीची आवरण असलेली तार योग्य. याहून जाड तार म्हणजे इंजिनावर पाण्याचे पाइप टाकल्यासारखे दिसते.

शेवरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ चे उदाहरण घेऊ, कारण कस्टम किटमध्ये ते सतत भेटते. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) टोपीवर सुईने आठ टोचे गोलात आणि एक मधोमध पाडा. टोचा पाडल्याशिवाय ड्रिल लावले तर बिट घसरतो. तारेपेक्षा जरा मोठ्या बिटाने एक मिमी खोल भोके पाडा. टोपी फार लहान असेल तर ती कापून योग्य व्यासाच्या प्लास्टिक रॉडची नवी करा. पाच-पाच सेंटीमीटरच्या तारा सुपरग्लूच्या सुईएवढ्या थेंबाने बसवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ओढू नका.

क्रम १-८-४-३-६-५-७-२, वरून पाहता घड्याळाच्या दिशेने. चालकाच्या सीटवरून पुढे पाहिले तर डाव्या रांगेत पुढून मागे १, ३, ५, ७ आणि उजवीकडे २, ४, ६, ८. मधली तार इग्निशन कॉइलकडे जाते. तारा झाकणांच्या कडेने एकत्र न्या, मग एकेक प्लगकडे खाली वळवा. क्रम बरोबर असला की तारा आपोआप खऱ्यासारख्या एकमेकींना ओलांडतात; मनाने जोडल्या तर कितीही नीटनेटक्या असोत, जाणकाराची नजर तिथेच अडते.

छत खाली उतरवायचे आहे. किती कापावे?

खऱ्या गाडीत तीन इंच, म्हणजे ७६ मिमी, हे प्रमाण डोळ्याला बरे दिसते. १:२५ मध्ये ते ३ मिमी. सगळ्या खांबांवर मास्किंग टेपची ३ मिमी रुंद पट्टी एकाच उंचीवर लावा आणि वरच्या-खालच्या कडेने बारीक करवतीने कापा. खांब वर जाताना आत झुकलेले असतात, त्यामुळे छत खाली आणले की ते लांबीला कमी पडते आणि पुढचे-मागचे खांब खालच्या ठोंबांशी जुळत नाहीत. इथेच बरेच जण खांब वाकवून वेळ मारून नेतात, आणि मग पुढच्या काचेचा कोन बिघडतो. त्यापेक्षा छत मधोमध आडवे कापा, पुढचा अर्धा पुढे आणि मागचा मागे जुळवा, मध्ये पडलेल्या फटीत स्टायरीनची पट्टी बसवा. आतून पातळ पट्टीचा आधार द्या आणि दोन दिवस वाळू द्या.

किटमधल्या काचा आता बसणार नाहीत. कागदाचा साचा कापून नीट बसेपर्यंत दुरुस्त करा, मग त्यावरून ०.२ मिमी पारदर्शक शीट कापा.

ट्रकची सगळी चाके जमिनीला टेकत नाहीत.

चूक चॅसीच्या दोन लांब रेल्समध्ये आहे. काचेच्या तुकड्याखाली आलेख कागद ठेवा, रेल्स त्यावर वजनाने दाबून समांतर धरा आणि त्यांना जोडणारे आडवे भाग एकेक करून चिकटवा. रात्रभर उचलू नका. अमेरिकन ट्रकच्या चॅसीची रुंदी साधारण ३४ इंच असते, म्हणजे १:२५ मध्ये ३४.५ मिमी, पुढे आणि मागे दोन्हीकडे कॅलिपरने पाहा.

पाटे आणि ॲक्सल बसवताना हळू वाळणारा गोंद वापरा. चाके तात्पुरती लावा, ट्रक काचेवर ठेवा, प्रत्येक चाकाखाली कागदाची चिठ्ठी सरकवा. चिठ्ठी सहज निघाली तर ते चाक हवेत आहे. गोंद ओला असतानाच ॲक्सल दाबून घ्या. पाटे वाळल्यावर केलेली दुरुस्ती म्हणजे मोडणे.

चॅसी लांबवायची असेल तर दोन्ही रेल्स एकाच जागी कापू नका. डावी जरा पुढे, उजवी जरा मागे कापा, आतून १ मिमी शीटची २५ मिमी लांब जोडपट्टी द्या. प्रोपेलर शाफ्ट तेवढाच लांबवायला विसरू नका.

कंटेनर किंवा ट्रेलर स्वतः बनवता येतो का?

येतो, आणि शीटचे काम शिकायला याहून चांगला विषय नाही. चाळीस फुटी कंटेनर १२,१९२ मिमी लांब, २,४३८ रुंद आणि २,५९१ उंच असतो. १:२४ मध्ये हे ५०८ × १०१.६ × १०८ मिमी. भिंतींना १ मिमी स्टायरीन घ्या. आरपार कापायची गरज नाही. पात्याने दोन-तीन खोल रेघा मारा आणि शीट मोडा, कड सरळ येते. आत दर ४०-५० मिमीवर उभ्या पट्ट्यांचा आधार हवा.

तळाला दोन-तीन भोके ठेवा, हे विसरलात तर सगळी मेहनत जाते: गोंदाची वाफ बंद खोक्यात अडकते, भिंती आतून मऊ करते, आणि महिन्याभरात त्या आत ओढल्या जातात.

ट्रॅक्टर आणि ट्रेलरमधल्या हवेच्या नळ्या युरोपीय ट्रकमध्ये लाल आणि पिवळ्या असतात. लाल पुरवठ्याची, पिवळी ब्रेकच्या नियंत्रणाची. बारीक तार २ मिमीच्या ड्रिल बिटाभोवती गुंडाळून काढली की गुंडाळी तयार.

डायकास्ट गाडी कशी उघडायची?

डायकास्ट म्हणजे धातू साच्यात ओतून बनवलेली गाडी. १:६४ च्या गाड्या खालून रिबेटने बंद असतात. रिबेटच्या मधोमध पंच मारा, ३.२ मिमीच्या बिटाने फक्त फुललेले डोके जाईपर्यंत हळू ड्रिल करा. तळ सैल झाला की थांबा. पुढे गेलात तर आतला खांब संपतो. परत बंद करण्यासाठी खांबात १.६ मिमीचे ५ मिमी खोल भोक पाडून एम-२ चा टॅप (२ मिमी स्क्रूसाठी आटे पाडणारे हत्यार) फिरवा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेलाचा थेंब टाकून. सरळ दामटले तर टॅप आत मोडतो आणि निघत नाही. मग एम-२ चा ४ मिमी स्क्रू.

रंग काढण्याआधी काच, आतला भाग, चाके सगळे बाजूला काढा. रिमूव्हर झिंक मिश्रधातूला फारसे काही करत नाही, पण प्लास्टिक खातो. धातू उघडा झाल्यावर त्याच दिवशी प्रायमर द्या.

जुन्या डायकास्टवर फुगे, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आणि धातू भुगा होणे दिसले तर ती झिंक पेस्ट (pest, म्हणजे धातूला लागलेली कीड). ओतकामाच्या वेळी मिश्रधातूत शिसे मिसळले गेले की हे होते. आतून सुरू झालेले हे कुजणे थांबवता येत नाही. अशा गाडीवर रंगाचे कष्ट घेऊ नका.

ट्रक राबलेला कसा दाखवायचा?

आधी खऱ्या ट्रकचा फोटो समोर ठेवा. धूळ चाकांच्या मागे आणि खालच्या भागात जास्त, वर विरळ. पायऱ्यांचा मधला भाग घासून चकाकतो, डिझेल टाकीच्या झाकणाखाली ओला डाग उतरतो, सायलेन्सर गंजतो, काचेवर वायपरची कमान स्वच्छ राहते. मळ सगळीकडे सारखा मारला तर ट्रक चिखलात बुडवून काढल्यासारखा दिसतो, वापरलेला दिसत नाही.

खरचटे स्पंजच्या तुकड्याने: गडद तपकिरी रंगात बुडवा, जवळजवळ सगळा कागदावर टिपून काढा, मग कडांवर हलके टेकवा. ओघळांसाठी ऑइल रंगाचा ठिपका ठेवा आणि व्हाइट स्पिरिटने जेमतेम ओला केलेला सपाट ब्रश वरून खाली ओढा. रंग न दिलेल्या, ताणाखाली असलेल्या प्लास्टिकवर वॉश साचू देऊ नका. तो सांध्यात शिरतो आणि ॲक्सल किंवा पाटा तडकतो.

हेडलाइट खरेच पेटवता येतील का?

०४०२ मापाचा एलईडी १ × ०.५ मिमी असतो, १:२४ च्या दिव्यात सहज मावतो. ५ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात. उरलेले २ व्होल्ट भागिले ५ मिलिॲम्पिअर म्हणजे ४०० ओहम, म्हणून ४७० चा रेझिस्टर. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र. बॉडी बाहेरून रंगवण्याआधी आतून काळा आणि त्यावर चंदेरी थर द्या, नाहीतर दिवा लावल्यावर सगळे मडगार्डच लाल-पिवळे उजळते.

मास्क खरेच लागतो का?

लागतो. लॅकर आणि थिनरसाठी सेंद्रिय वाफेचे कार्ट्रिज असलेला मास्क. कापडी किंवा धुळीचा मास्क वाफ अडवत नाही. रेझिन घासताना धुळीचा मास्क, आणि घासणे पाण्यात. थ्री-डी प्रिंटचे न पिकलेले (पुरते कडक न झालेले) रेझिन उघड्या हाताला लागू देऊ नका, नायट्राइलचे हातमोजे घाला. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. दोन भागांच्या युरेथेन क्लिअरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. त्याची चमक मोहात पाडणारी आहे, पण हवा बाहेर खेचणारा बूथ आणि योग्य मास्क दोन्ही नसतील तर साधे लॅकर क्लिअर वापरा आणि पॉलिशवर जास्त वेळ द्या.